पालक सभेत गप्प राहणाऱ्या आई-वडिलांना नेमकं काय सांगायचं?

खडूफळा

मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे डॉक्टर-वकिलांची मुलं आहेत आणि बांधकामावर, घरकामाला, रखवालीला जाणाऱ्यांचीही आहेत. एकाच बाकावर बसतात, एकमेकांच्या पेन्सिली वापरतात. फरक दिसतो तो पालक सभेच्या दिवशी. काही पालक खुर्ची ओढून बसतात, वही चाळतात, गुण का कापले ते विचारतात, मुलीला पुढच्या बाकावर बसवा म्हणतात. काही पालक दाराशीच उभे राहतात. "तुम्हीच बघा बाई त्याच्याकडे, ऐकलं नाही तर दोन लावा," एवढं बोलून कामावर निघतात. त्यांची माया कमी आहे असं मला कधीच वाटलेलं नाही.

आता शाळेने या दुसऱ्या गटासाठी मार्गदर्शन वर्ग घ्यायचं ठरवलंय. मुलांशी गप्पा माराव्यात, गोष्टी वाचून दाखवाव्यात, प्रश्न विचारू द्यावेत, सतत हुकूम सोडू नयेत, असे विषय. मसुदा करायचं काम माझ्याकडे आहे आणि लिहायला बसले की हात अडतो. या गोष्टींनी मुलांचं पुढचं आयुष्य खरंच बदलतं का? की आपल्या घरातली रीत तीच बरोबर, असं धरून आपण त्यांना शिकवायला निघालोय? अनुभव, वाचन, विरोध, सगळं लिहा.

मोरपंखी

वर्ग जरूर घ्या. कितीतरी जणांना माहितीच नसते. सांगितलं तर करतात लोक.

पायवाट

खडूफळा, तुम्ही जे दाराशी पाहिलंत त्यावर समाजशास्त्रात बरंच काम झालंय. ॲनेट लारो या अमेरिकन अभ्यासिकेने १९९०च्या दशकात नऊ-दहा वर्षांच्या ८८ मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. त्यातल्या १२ घरांत तर तिची माणसं रोजच्यासारखी जाऊन बसायची. सकाळची घाई, भांडणं, डॉक्टरकडच्या फेऱ्या, सगळं पाहायची.

तिला दोन रीती दिसल्या. मध्यमवर्गीय घरांत मूल म्हणजे सतत मशागत करायची गोष्ट: हा वर्ग, तो सामना, गाडीत बसल्यावर गप्पा, "तुला काय वाटतं?" आणि शाळेत काही खटकलं की पालक जाऊन बोलणार. कामगार आणि गरीब घरांत पालक आपलं काम वेगळं समजत: मुलाला जपायचं, पोटभर द्यायचं, चांगलं-वाईट सांगायचं; बाकी ते वाढतं. तिथे हुकूम जास्त, वाटाघाटी कमी, आणि मोकळा वेळ भरपूर.

महत्त्वाचं असं की लारोने दुसऱ्या रीतीला कमी लेखलं नाही. ती मुलं स्वतःचे खेळ स्वतः शोधायची, कंटाळा आल्याची तक्रार कमी करायची, भावंडांशी आणि नातेवाइकांशी त्यांचं जास्त घट्ट होतं. मध्यमवर्गीय मुलं दमलेली असायची आणि भावाबहिणींशी भांडायची. पण शाळा, दवाखाना, कचेरी इथे चलन पहिल्या रीतीचंच होतं. डॉक्टरला प्रश्न विचारायचा असतो, शिक्षकाकडे सवलत मागता येते, हे एका गटाला लहानपणीच अंगवळणी पडलं. दुसऱ्या गटाला मोठ्या माणसांपुढे गप्प राहणं अंगवळणी पडलं. दहाएक वर्षांनी ती पुन्हा भेटायला गेली तेव्हा मध्यमवर्गीय घरांतली बहुतेक मुलं महाविद्यालयात होती आणि दुसरीकडची बरीच लवकर कामाला लागली होती.

शिलाईमशीन

पायवाट, तुमचं लिखाण वाचताना आईच डोळ्यांसमोर आली.

ती घरी बसून कपडे शिवायची. आम्ही तिघं भावंडं. "का?" विचारलं की उत्तर एकच, "सांगितलं ना!" मला तेव्हा राग यायचा. आज मी नोकरी करते, माझ्या लेकीच्या प्रत्येक 'का'ला उत्तर देते, तेव्हा कळतं की त्या उत्तराला वेळ लागतो, डोकं थंड लागतं. आईकडे दोन्ही नव्हतं. शिवाय तिच्या 'सांगितलं ना'मागे भीती होती. आमच्या वस्तीत मुलाने भलत्या वेळी भलत्या माणसाला 'का' विचारणं धोक्याचं होतं. लगेच ऐकणारं मूल सुरक्षित राहायचं. ती आम्हाला तिथल्या जगासाठी तयार करत होती, आणि त्या जगाबद्दलचा तिचा अंदाज अचूक होता.

फक्त त्याची किंमत पुढे कळली. महाविद्यालयात मला एका विषयात मदत हवी होती. सरांच्या खोलीचं दार उघडं असायचं. मी वर्षभर त्या दारावरून गेले, आत गेले नाही. सरांना त्रास द्यायचा नाही, एवढंच डोक्यात. माझी मैत्रीण बिनधास्त जाऊन बसायची आणि तिला ते विशेष काही वाटायचंही नाही.

पायवाट

शिलाईमशीन ताई, अगदी हेच. मेल्विन कोन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९५०-६०च्या दशकांत यावर लिहिलं. त्यांनी पालकांना विचारलं, मुलात कोणता गुण हवा? अंगमेहनतीची, साहेबाच्या नजरेखालची कामं करणारे आज्ञाधारकपणा, नीटनेटकेपणा जास्त सांगत. ज्यांच्या कामात स्वतः निर्णय घ्यावे लागत ते जिज्ञासा, स्वतःवर ताबा असं सांगत. माणूस दिवसभर ज्या गुणावर नोकरी टिकवतो, तोच घरी मुलाला देतो. कामावर उलट प्रश्न विचारला म्हणून हाकललेल्या बापाने मुलाला प्रश्न विचारायला शिकवावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

लोलक

सगळं पटतंय, पण एक सांगू? बोलायला पैसे लागत नाहीत. काम करता करता मुलाशी बोलता येतं. हार्ट आणि रिस्ली या अमेरिकन अभ्यासकांचा तो प्रसिद्ध अभ्यास आहे ना, गरीब घरातलं मूल शाळेत जाईपर्यंत सुखवस्तू मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतं म्हणून. हे साधं सत्य पालकांना सांगण्यात कसला अपमान? खडूफळा, मोरपंखींचं ऐका. वर्ग घ्या आणि पहिल्याच दिवशी हा आकडा सांगा.

तळटीप

लोलक, तो आकडा पालकांपुढे मांडू नका, ही कळकळीची विनंती. १९९५ साली छापलेल्या त्या अभ्यासात कुटुंबं होती ४२, आणि त्यांतली सरकारी मदतीवर जगणारी फक्त ६. महिन्यातून एक तास ध्वनिमुद्रण करायचं आणि त्यावरून वर्षांचा हिशोब मांडायचा, अशी पद्धत होती. शिवाय अनोळखी अभ्यासक घरात येऊन बसल्यावर कोणतं कुटुंब मोकळं बोलेल आणि कोणतं आवरून राहील, हे तुम्हीच सांगा.

पुढे डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी पाच वेगवेगळ्या समाजगटांतली ध्वनिमुद्रणं तपासली. त्यांना असा सरसकट फरक सापडला नाही. एकाच गटातल्या घराघरांत मोठी तफावत होती. आजी, मावशी, थोरली भावंडं मुलाच्या आसपास जे बोलतात तेही धरलं की चित्र आणखी बदललं. या टीकेलाही उत्तरं दिली गेली आहेत आणि मुलाशी थेट बोलण्याचं महत्त्व कुणी नाकारत नाही. पण 'तीन कोटी' हा आकडा सिद्ध झाल्यासारखा सांगणं चूक आहे.

आणि 'बोलायला पैसे लागत नाहीत' याबद्दल. २०१३ साली तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांच्या विचारशक्तीच्या चाचण्या कापणीआधी, हात तंग असताना घेतल्या आणि कापणीनंतर, पैसे आल्यावर पुन्हा घेतल्या. माणसं तीच, पण टंचाईच्या दिवसांतले निकाल लक्षणीय कमी. चिंता डोक्यातली जागा खाते. उरलेल्या जागेत मुलाच्या सतराव्या प्रश्नाला शांतपणे उत्तर देणं सोपं नसतं.

लोलक

तळटीप, शेतकऱ्यांचा अभ्यास मला माहीत नव्हता. वाचतो. पण माझा मुद्दा सोडत नाही. परिस्थिती बदलेपर्यंत मूल थांबत नाही. ते आज चार वर्षांचं आहे.

आबाजी

आमच्या वेळी वडील दिवसभरात एकच वाक्य बोलायचे, "अभ्यास झाला का?" तीन कोटी शब्द कुठले, वर्षभरात तीनशे भरले असते तर आम्ही सण साजरा केला असता. पण मुलं शिकली. माझं मत, धाक हवा. हल्लीच्या पालकांनी मुलांना वकील करून टाकलंय. नातवाला म्हटलं झोप आता, तर म्हणतो, "आजोबा, आपण यावर चर्चा करू शकतो का?"

नदीकाठ

आबाजी, तुमच्या नातवाला माझ्या मुलाकडे पाठवा, दोघं मिळून संघटना काढतील. :)

सुखवस्तू बाजूने लिहिते. आमच्याकडे मुलाच्या आठवड्याचं वेळापत्रक भिंतीवर आहे आणि त्यात रिकामा चौकोन नाही. वर्ग बंद करायचा म्हटलं की पोटात गोळा येतो, कारण त्याच्या बरोबरीची सगळी करताहेत. सुनिया लुथर या मानसशास्त्रज्ञ अभ्यासिकेने श्रीमंत वस्त्यांतल्या किशोरवयीन मुलांवर अनेक वर्षं काम केलं. तिथे चिंता आणि व्यसनं अपेक्षेपेक्षा जास्त दिसली. तेव्हा आमची रीत आदर्श म्हणून कुणाला शिकवू नका. आम्ही ती निवडलीसुद्धा नाही, भीतीपोटी करतोय.

पायवाट

नदीकाठ, त्या भीतीवर माथियास डोपके आणि फॅब्रिझिओ झिलिबोटी या अर्थतज्ज्ञांचं काम पाहा. त्यांचं म्हणणं असं की जिथे विषमता जास्त, म्हणजे शिकलेल्या आणि न शिकलेल्याच्या मिळकतीत मोठं अंतर, तिथे पालक मुलांच्या मागे जास्त लागतात. स्वीडनसारख्या कमी विषमतेच्या देशात पालक निवांत असतात, कारण मूल घसरलं तरी फार खाली पडत नाही. एकाच समाजात वरच्याला घसरण्याची भीती असते आणि खालच्याला चढायला शिडी दिसत नाही.

चौकट

कुणीतरी हे म्हणायला हवं म्हणून म्हणतो. हुशार पालकांची मुलं हुशार असतात, त्यात वाचून दाखवण्याचा वाटा किती आणि रक्ताचा किती? पालक आणि मूल यांचे गुण एकत्र दिसतात म्हणून एक दुसऱ्याचं कारण ठरत नाही. खडूफळांच्या वर्गाने फारसं काही बदलणार नाही, असं माझं मत.

तळटीप

प्रश्न रास्त आहे. म्हणून दत्तक मुलांचे अभ्यास महत्त्वाचे. फ्रान्समध्ये मिशेल दुईम आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली एक प्रसिद्ध केला. लहानपणी आबाळ किंवा छळ झालेली, चार ते सहा वर्षांची होऊन दत्तक गेलेली ६५ मुलं. दत्तक जाण्याआधी त्यांचा सरासरी बुद्ध्यांक ७७. किशोरवयात पुन्हा मोजला तर साध्या परिस्थितीतल्या घरांत गेलेल्यांचा सरासरी ८ गुणांनी वाढलेला आणि सुस्थितीतल्या घरांत गेलेल्यांचा १९.५ गुणांनी. आनुवंशिकता आहेच, पण वयाच्या चार वर्षांनंतरही घर एवढं देऊ शकतं.

आणि घराइतकंच घराभोवतालचं जग. अमेरिकेत १९९४पासून पाच शहरांत गरीब कुटुंबांना सोडत काढून बऱ्या वस्तीत राहायला जाण्यासाठी भाड्याची मदत दिली. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी पुढे हिशोब केला. वयाची १३ वर्षं व्हायच्या आत जी मुलं तिथे राहायला गेली त्यांची विशीतली मिळकत ३१ टक्क्यांनी जास्त होती. मोठेपणी गेलेल्यांना फायदा दिसला नाही. पालक तेच, रक्त तेच.

दुपारपाळी

दोन दिवस हा धागा वाचतोय. आज सुट्टी आहे म्हणून लिहितो. मी कारखान्यात पाळीत काम करतो. दाराशी उभा राहणारा पालक मी आहे.

मी का बोलत नाही ते सांगतो. एक, मी दोन तासांची परवानगी घेऊन आलेलो असतो, त्यातला एक प्रवासात जातो. दोन, बाई जे सांगतात त्यातले काही शब्द मला कळत नाहीत आणि विचारलं तर माझ्या पोरासमोर माझा अडाणीपणा दिसेल. तीन, मी काही उलटसुलट बोललो आणि बाईंना राग आला तर वर्षभर भोगणार पोरगा. डॉक्टरच्या मुलाचं तसं काही होणार नाही. माझ्या पोराचं होईल का माहीत नाही, पण मी ती जोखीम घेत नाही.

मोरपंखी म्हणाले माहिती नसते. मोबाइलवर रोज येतं, मुलांना वाचून दाखवा. मला आवडेलही. दुपारपाळी असली की मी घरी येतो तेव्हा पोरगा झोपलेला असतो आणि उठतो तेव्हा शाळेत गेलेला. रात्रपाळीत मी झोपलेला. पाळी कोणती ते आदल्या आठवड्यात कळतं. माझ्या घरात मी मुलाला "उद्या नक्की" असं म्हणणं बंद केलंय, कारण ते पाळता येत नाही.

शिलाईमशीन

दुपारपाळी दादा, तुमचं तिसरं कारण माझ्या आईचंही होतं. शब्दशः.

तळटीप

दादा, तुमच्या शेवटच्या ओळीवरून एक सांगतो. मुलासमोर खाऊची गोळी ठेवायची, थांबलास तर दोन मिळतील म्हणायचं, हा मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात, असं त्यातून पसरलं. २०१८ साली सुमारे ९०० मुलांवर तो पुन्हा तपासला गेला, तेव्हा घरची परिस्थिती हिशोबात घेताच तो संबंध बराचसा विरला. त्याआधी २०१३ साली सेलेस्ट किड यांनी आणखी मार्मिक गोष्ट दाखवली. मोठ्या माणसाने आधी दिलेला शब्द पाळला असेल तर मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. मोडला असेल तर ३. शब्द पाळला जाईल याची खात्री नसलेल्या मुलाने हातातलं खाऊन टाकणं हा अधीरपणा नाही, शहाणपणा आहे. आणि तुम्ही 'नक्की' म्हणणं बंद केलंत, म्हणजे तुम्ही मुलाचा विश्वास जपताय.

दवबिंदू

माझं काम आरोग्य खात्यात, घरभेटींचं. इथे दोन टोकं झालीत: पालकांना शिकवा, नाहीतर परिस्थिती बदला. मला दोन्हीचं उत्तर दोन अभ्यासांत मिळालं.

पहिला जमैकाचा. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १९८०च्या दशकात किंग्स्टनमधली वाढ खुंटलेली १२९ लहान मुलं घेतली. त्यातल्या काहींच्या घरी स्थानिक आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास जायची, दोन वर्षं. भाषण नाही. घरच्याच टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी आई आणि मूल दोघांबरोबर खेळायचं. वीस वर्षांनी त्या मुलांची मिळकत इतरांपेक्षा २५ टक्के जास्त होती. म्हणजे लोलक पूर्ण चूक नाहीत. पालकांबरोबर काम केलं तर फळ मिळतं, पण ते घरी जाऊन, वारंवार आणि बरोबरीने बसून.

दुसरा उत्तर कॅरोलायनातला, जेन कॉस्टेलो यांचा. ग्रामीण मुलांचा अभ्यास आधीच चालू होता आणि मध्येच चेरोकी आदिवासींच्या जमिनीवर कॅसिनो, म्हणजे जुगारघर, उघडला. नफ्याचा हिस्सा जमातीतल्या प्रत्येकाला मिळू लागला. गरिबीतून वर आलेल्या कुटुंबांतल्या मुलांचा आक्रस्ताळेपणा, आडदांडपणा कमी होऊन कधीच गरीब नसलेल्या मुलांइतका झाला. कारण शोधलं तर सापडलं की पालकांचं मुलांकडे लक्ष वाढलं होतं. त्यांना कुणी वर्ग घेऊन शिकवलं नव्हतं.

मी घराघरांत जाते. सल्ला ऐकून घेतला जातो, मान हलते. काम होतं ते तिसऱ्या-चौथ्या भेटीत, जेव्हा ती बाई स्वतःहून काहीतरी विचारते.

मोरपंखी

दुपारपाळी आणि दवबिंदू यांचं वाचल्यावर 'सांगितलं तर करतात' एवढं पुरेसं नाही, हे मान्य.

चौकट

जमैकाचा अभ्यास दमदार आहे. पण १२९ मुलं म्हणजे लहान गट, हे लक्षात ठेवा. मोठ्या प्रमाणावर राबवताना असे परिणाम पातळ होतात.

दवबिंदू

होतात, खरं आहे. बहुतेक वेळा कारण असं की सेविकेकडे घरं दुप्पट दिली जातात आणि तासाची भेट दहा मिनिटांवर येते.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. दुपारपाळी दादा, तुमचं लिखाण मी मुख्याध्यापकांना वाचून दाखवलं, नाव न घेता.

वर्गाचा मसुदा मी बाजूला ठेवला आहे. त्याऐवजी दोन पानांचा प्रस्ताव दिला, आणि त्यात बहुतेक कामं आमचीच आहेत. सभा एका ठरलेल्या दुपारऐवजी तीन वेगवेगळ्या वेळी, ज्याला जमेल तेव्हा. येणाऱ्या प्रत्येकाला खुर्ची, आणि आधी मी बोलायचं नाही, त्यांनी मुलाबद्दल सांगायचं. प्रगतिपुस्तकातले अवघड शब्द काढून टाकायचे.

वर्गातलंही एक आहे. जेसिका कलार्को या अभ्यासिकेचं मी आता वाचलं. एकाच वर्गात मध्यमवर्गीय मुलं हात वर करून, टेबलाशी येऊन मदत मागतात आणि शिक्षकांचा वेळ मिळवतात. कामगारांची मुलं अडली तरी गप्प बसतात, कारण घरी सांगितलेलं असतं की बाईंना त्रास देऊ नकोस. यापुढे हात वर होण्याची वाट न बघता मी प्रत्येक बाकापाशी जाणार. मागेल त्याला मदत हा नियम वरवर समान दिसतो, पण माझ्या वर्गात त्याचा फायदा ठरावीक मुलांनाच होत होता.

घरभेटींबद्दल मुख्याध्यापक अजून तयार नाहीत. शिक्षकांवर आधीच कामं फार, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही.

लोलक

चांगला प्रस्ताव. पण वाचनाचं पूर्ण सोडू नका. ज्यांना वेळ आहे आणि वाचता येतं अशा पालकांना पुस्तकं घरी द्या ना.

शिलाईमशीन

आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना सांगा की गोष्ट तोंडी सांगितली तरी चालते, थोरल्या भावंडाने वाचलं तरी चालतं. माझ्या आईला वाचता येत नव्हतं, पण तिला अफाट गोष्टी येत होत्या. शाळेत तिला कुणी विचारलंच नाही.

दुपारपाळी

बाई, तीन वेळा ठेवताय ते फार बरं केलंत. एक विनंती, तारीख किमान दहा दिवस आधी कळवा, म्हणजे पाळी बदलून मागता येते. आणि निरोप मुलाच्या वहीत लिहून पाठवू नका, फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. माझी बायको तो कामावर जाता जाता ऐकेल.